हात जपायचा की हलवायचा?

घरातले माणूस मोठ्या दुखण्यातून उठले, की आपण त्याला पहिली गोष्ट कोणती सांगतो? "आता काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." सून सासूच्या हातातली बादली काढून घेते, मुलगा बापाला मळ्याकडे फिरकू देत नाही. ही माया आहे, यात शंका नाही. पण कर्करोगातून उठलेल्या माणसांना या मायेने, आणि डॉक्टरांनी तिला दिलेल्या दुजोऱ्याने, कितीतरी वर्षे अधू करून ठेवले. ही चूक ध्यानात कशी आली, त्याची हकीगत सांगतो. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्य नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. स्तनाच्या कर्करोगावर ते फार मोठी शस्त्रक्रिया करीत. स्तन तर काढायचाच, पण त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या रसग्रंथीही काढून टाकायच्या. १८९४ साली त्यांनी आपला अनुभव छापून प्रसिद्ध केला आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. कापलेल्या जागी रोग पुन्हा उगवण्याचे प्रमाण तिने पुष्कळ कमी झाले; तेव्हा हॉल्स्टेडना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण बाई वाचली तरी तिचा हात धड राहीलच असे नव्हते. पाटाची वाट बुजली म्हणजे पाणी जसे मागे तुंबते, तसा ग्रंथी गेल्यावर अंगातला रस हातात साचून हात सुजे. कधी कधी तर इतका, की १९२१ साली खुद्द हॉल्स्टेडनी त्या सुजेला हत्तीरोगाचे नाव जोडले. मग बायकांना ताकीद मिळू लागली : या हाताने जड उचलू नका, ओढू नका, हात जपा.

आणि जपलेला हात आखडत जातो.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरीझ लॅसर या बाईंवर हीच शस्त्रक्रिया झाली. पुढे हात किती हलवायचा, कपडे कसे घालायचे, घरच्यांशी काय बोलायचे, हे त्यांना कोणी धड सांगेना. तेव्हा बाई स्वतःच शिकल्या, आणि दुसऱ्या बायकांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. बरोबर सामान काय, तर एक चेंडू आणि एक दोर! चेंडू मुठीत दाबायचा. दोर वरून टाकून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बोटे मुंगीसारखी वर वर चालवत न्यायची. कोणी परकी बाई येऊन आपल्या रोग्यांना शिकवते, हे काही डॉक्टरांना मुळीच रुचले नाही. पण हात वर नेताना ओढ नेमकी कुठे बसते, हे त्या बाईंना ठाऊक होते, डॉक्टरांना नव्हते. त्यांचे हे काम 'रीच टु रिकव्हरी' या नावाने वाढले आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले. या सगळ्या हकीगतीत मला स्वतःला हीच बाई सर्वांत मोठी वाटते.

१९८० नंतरच्या दशकात ओहायोतल्या मेरी मॅकव्हिकार आणि मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकांनी आणखी एक धाडस केले. केमोथेरपी चालू असतानाच त्यांनी बायकांना जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवले. आठवड्यातून तीनदा, असे दहा आठवडे. बायकांचा दमसास कमी न होता वाढला.

तरीही हाताची भीती गेली नव्हती. ती घालवली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या २४ बायकांनी, १९९६ साली. डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यांनी मुद्दाम असा व्यायाम निवडला, की ज्यात दंड आणि खांदे यांचीच कसोटी : ड्रॅगन बोट हाकण्याचा. ही चिनी पद्धतीची लांब होडी. आपल्याकडे केरळात सर्पनौकांच्या शर्यती होतात ना, तसाच काहीसा प्रकार. दोन रांगांत वीसजण बसतात आणि ढोलाच्या ठेक्यावर वल्ही मारतात. या सगळ्याजणी स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या. त्यांनी आधी व्यायामशाळेत तयारी केली, मग पाण्यावर, आणि पुढे शर्यतीत उतरल्या. मॅकेन्झींनी १९९८ साली निष्कर्ष छापला : एकीचाही हात नव्याने सुजला नाही. प्रयोग होता एका हंगामापुरता. हंगाम संपला, पण बायका काही थांबल्या नाहीत!

चोवीसजणींवरून सिद्धांत मांडता येत नाही, असे कोणी म्हणेल. ते बरोबरच आहे. म्हणून कॅथरिन श्मिट्झ यांनी अमेरिकेत, हात आधीच सुजलेल्या १४१ बायका घेतल्या आणि त्यांतल्या निम्म्यांना हळूहळू वाढते वजन उचलायला लावले. २००९ साली निकाल आला. वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही. उलट ती मधूनमधून उसळण्याचे प्रकार कमी झाले.

२०२५ साली तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले बहुतेक कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. केमोथेरपी संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षे शिक्षक देऊन व्यायाम करवला, बाकीच्यांना आरोग्याची माहितीपुस्तके दिली. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांत शंभरातले ९० हयात होते, पुस्तकवाल्यांत ८३. सांधे-स्नायूंच्या तक्रारी मात्र व्यायामवाल्यांतच जास्त आढळल्या, तेही लपवायला नको.

आपल्याकडे तंबाखूपायी तोंडाचा कर्करोग फार. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या मज्जातंतूला धक्का लागून खांदा उतरतो. मग सदरा चढवतानाही कळ येते. कॅनडातच २००८ साली अशा ५२ रोग्यांत दिसून आले, की बेताबेताने वाढवलेल्या वजनाच्या व्यायामाने खांद्याचे दुखणे उतरते आणि ताकद येते. जबडा आखडलेल्यांना तर दातांच्या फटीत आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक सरकवायला सांगतात.

रोग हाडात उतरलेला असेल, अंगात ताप असेल, टाके ओले असतील किंवा हात एकाएकी सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले, तर व्यायामशाळा शोधत हिंडायला नको. २०२५ च्या त्या अभ्यासातला व्यायाम म्हणजे साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा, पाऊण तास ते तासभर, झपझप चालण्याइतकाच होता. आणि लॅसरबाईंच्या व्यायामाला तर घरची भिंत पुरते. बोटे आज जिथवर पोहोचली तिथे खडूने रेघ मारावी, उद्याची रेघ तिच्या वर.