बिनमुदतीची ठेव

"बाबा, मी टॅटू काढतेय," असं आमच्या कन्येनं जाहीर केलं, तेव्हा मी आमटी भुरकत होतो. ठसका लागला. तो ओसरल्यावर विचारलं, "परवानगी मागतेयस, की नुसतं कळवतेयस?"

"सल्ला मागतेय. काय काढू? ज्याला आयुष्यभर अर्थ राहील असं काहीतरी हवं."

आयुष्यभर! वीस-बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढलेल्या माणसापुढे हा शब्द उच्चारू नये. आधी आईचं नाव, लग्नानंतर बायकोचं आणि एका दिवाळीनंतर पुन्हा आईचं, असे नॉमिनी बदलण्याचे एकाच गृहस्थाचे तीन फॉर्म मी या हातांनी घेतले आहेत. माणसाची सही दहा वर्षांत स्वतःशी जुळेनाशी होते. मग कातडीवरचं चित्र जन्मभर कसं जुळावं?

तिनं नमुने दाखवले. एक पीस होतं. एक जहाजाचा नांगर होता. आमच्या घरात कुणाला पोहतासुद्धा येत नाही. तिसरा होता आडवा पडलेला इंग्रजी आठ. "याला इन्फिनिटी म्हणतात, बाबा." म्हटलं, आमच्या लेजरात असा आठ निघाला तर त्याला खाडाखोड म्हणतात आणि शेजारी सही मागतात.

पण सल्ला मागितला होता. आणि बी. कॉम. झालेल्या माणसाची सवय अशी, की पैसे गुंतवण्यापूर्वी मागचं रेकॉर्ड पाहायचं. पाहिलं.

सगळ्यात जुन्या खातेदारांपैकी एक १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडला. ओत्झी त्याचं नाव. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ, अंगावर ६१ खुणा. मला वाटलं, वाघ-सिंह असतील. तर नाही! नुसत्या रेघा आणि फुल्या. त्याही बऱ्याचशा कंबर, गुडघे आणि घोट्यांच्या आसपास, जिथं त्याचे सांधे झिजले होते तिथं. दुखण्यावरचा इलाज म्हणून त्या काढल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे हौस वगैरे काही नाही. बिचारा बाम चोळून घेत होता.

आपल्याकडे कंपनी सरकारनं याच कलेला कामाला लावलं. बंगाल इलाख्यात १७९७ च्या कायद्यानं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवू लागले. त्याला शब्दही आपलाच, 'गोदना'. हे १८४९ पर्यंत चाललं. कैदी बिचारे पागोटं भुवयांपर्यंत ओढून फिरत. उलट १८६२ साली इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, जेरुसलेममध्ये हातावर क्रूस गोंदवून घेतला, तेव्हा मात्र ती फॅशन ठरली. सुई तीच, फरक एवढाच, की एकाला विचारलं होतं आणि दुसऱ्याला नाही.

टॅटूच्या यंत्राचा इतिहास तर थेट आमच्या जातीचा निघाला. एडिसननं १८७६ साली विजेची लेखणी काढली ती कचेरीतल्या कागदांच्या प्रती करायला. तिची सुई कागदाला भोकं पाडी, मग त्यावरून शाई फिरवायची. ती कल्पना उचलून ओरायली नावाच्या न्यूयॉर्कच्या कारागिरानं १८९१ साली टॅटूच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कारकुनाची लेखणी कारकुनाच्या मुलीच्या मनगटावर यायला एवढी वर्षं लागली!

आणि ही शाई टिकते कशी? कातडीतल्या काही पेशी ती गिळून बसतात. त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी गिळतात, असं २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं. वाचून मला गहिवरून आलं. माणूस रिटायर होतो, चार्ज पुढच्याकडे जातो, आणि शिल्लक तेवढीच राहते!

हे सगळं वाचताना मला सारखा एक हात दिसत होता. आमच्या आजीचा.

आजीच्या हनुवटीवर हिरवं टिंब होतं, कपाळावर टिंब होतं आणि उजव्या हातावर एक ओळ. मी पहिलीत होतो. नवं नवं वाचायला येऊ लागलेलं पोर दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाही, मी आजी कशी सोडीन? मोठ्यानं वाचलं, "य-मु-ना." मग विचारलं, "यमुना कोण गं?" कारण आजीचं नाव लक्ष्मी.

आजी तांदूळ निवडायची थांबली. तिला वाचता येत नव्हतं. सात वर्षांची असताना, पोर जत्रेत हरवली तर कळावं म्हणून तिच्या आईनं गोंदणारणीकडून ते नाव टोचून घेतलं होतं. पुढे लग्नात ताटातल्या तांदळावर दुसरं नाव लिहिलं गेलं, आणि पहिलं कुणी हाकारलंच नाही. "पुन्हा वाच," ती म्हणाली. त्या दुपारी मी ते पाच-सहा वेळा वाचलं. बक्षीस म्हणून गुळाचा खडा मिळाला.

पुढे मी बँकेत लागलो आणि आजीचं खातं उघडलं. अंगठा, फोटो आणि शरीरावरच्या ओळखखुणा. मी लिहिलं, 'उजव्या हातावर यमुना असे गोंदलेले.' साहेबांनी चष्मा वर केला. "खातं लक्ष्मीबाईंचं, मग ही यमुना कोण? जॉइंट अकाउंट आहे का?"

"मीच ती," आजी म्हणाली. "माहेरची."

आजी म्हणायची, मेल्यावर माणसाबरोबर फक्त गोंदण जातं. खात्यातली शिल्लक मागे राहिली. ती वारसांत वाटली. यमुना मात्र तिच्याबरोबर गेली.

हे मी कन्येला सांगितलं आणि म्हटलं, "पणजीला कुणी विचारलं नव्हतं, काय काढू म्हणून. तुला निवडता येतंय, तेव्हा सावकाश निवड."

तिनं मोबाइल बाजूला ठेवला. "अक्षर कसं होतं तिचं?"

मी खिशातलं बॉलपेन काढून तिच्या मनगटावर आठवेल तसं काढलं. 'य'चा पाय जरा वाकडा होता, तोही काढला. चार दिवसांत ते पुसलं गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होतो. तिनं येऊन पेन पुढे केलं आणि हात पसरला.