नगराची शाळा आणि मावळचीं मुलें

भोरहून येणारी सकाळची एस्. टी. स्वारगेटला पोंचली म्हणजे तिच्यांतून तांदळाचीं गांठोडीं उतरतात, भाजीच्या पाट्या उतरतात, आणि पुष्कळदां एक नवें कुटुंबहि उतरतें. बाप बांधकामावर किंवा रखवालीवर लागलेला असतो, आई चार घरचीं धुणींभांडीं धरणार असते आणि मूल जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेंत जाणार असतें. शहरांतील सार्वजनिक शाळा खालावली आहे, ती सुधारावी कशी, या प्रश्नाचा विचार मी या मुलापासून आरंभणार आहें. शाळेची निंदा बहुधा ज्यांचीं मुलें तेथें नाहींत तेच करतात. म्हणून जें मूल तेथें बसणार आहे त्याची बाजू आधीं पाहूं.

प्रश्न जुना आहे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनला आपलें निवेदन दिलें. जोतीरावांना शाळा आंतून ठाऊक होती. १८४८ सालीं त्यांनीं व सावित्रीबाईंनीं पुण्याच्या भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढली होती. नगरपालिकेचा कारभारहि त्यांना ठाऊक होता, कारण १८७६ पासून कांहीं वर्षें ते तिचे सभासद होते. त्यामुळें त्यांच्या निवेदनांत तत्त्वचर्चेपेक्षां हिशेब अधिक आहे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी वेतन नसावें आणि मोठ्या गांवीं तें पंधरा-वीस असावें, असें त्यांनीं मागितलें. मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सारा भार नगरपालिकांनीं उचलावा, असेंहि सुचविलें. तपासनिसानें वर्षांतून एकदां, तेंहि आगाऊ वर्दी देऊन येणें व्यर्थ आहे. त्यानें वरचेवर यावें आणि न कळवितां यावें, ही त्यांची सूचना मला विशेष मार्मिक वाटते. वर्दी देऊन आलेल्या साहेबांपुढें कोणती शाळा चांगली दिसत नाहीं? त्या दिवशीं भिंतीहि स्वच्छ असतात व मुलेंहि हजर असतात!

निवेदनाच्या मुळाशीं एक तक्रार होती. सरकारचा वसूल रयतेच्या घामाचा आणि त्या पैशावर शिक्षण मिळतें तें वरच्या थरांतील थोड्यांना. हें वाक्य मनांत ठेवा. पुढें त्याचा पुन्हा उपयोग होईल.

त्यानंतरचीं तीस वर्षें मी भराभर ओलांडतों. मार्च १९११ मध्यें नामदार गोखल्यांनीं वरिष्ठ कायदे कौन्सिलांत सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें आणि १९ मार्च १९१२ रोजीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं पडलें. पुढें १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांत नगरपालिकांपुरता कायदा झाला. ज्या नगरपालिकेची इच्छा असेल तिला सहा ते अकरा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करतां येऊं लागली.

आणि येथेंच पुण्याचा तो प्रसिद्ध वाद उद्भवला. सक्ती करावी, येथवर बहुतेकांचें एकमत. पण मुलींनाहि करावी काय? लोकमान्य टिळक व त्यांच्या पक्षाचे लोक म्हणत कीं तिजोरी अपुरी आहे, तेव्हां आधीं मुलग्यांचें पाहूं. रमाबाई रानडे व त्यांच्या सहकारी स्त्रियांना हा क्रम मान्य नव्हता. १९२० च्या सुमारास पुण्याच्या स्त्रिया या मागणीसाठीं रस्त्यावर आल्या. सभा गाजल्या, खुद्द लोकमान्यांनाहि गोंधळास तोंड द्यावें लागलें. पैशाची अडचण खोटी होती असें मी म्हणणार नाहीं. एवढेंच नमूद करतों, कीं पैसा अपुरा पडला म्हणजे कोणाला थांबवावयाचें हें ठरवितांना जीं मुलें आधींच बाहेर असतात त्यांचेंच नांव प्रथम सुचतें.

पुण्यांत हें चाललें असतां भोर व वेल्हें यांची स्थिति निराळी होती. तो मुलूख पंतसचिवांच्या संस्थानाचा. त्याचे विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड हे तालुके गडांच्या नांवांचे, आणि मुंबईचा कायदा त्या हद्दीवर येऊन थांबे. संस्थानिकानें मनावर घेतलें तर काम इंग्रजी मुलखाच्याहि आधीं होतें, हें सयाजीराव महाराजांनीं बडोद्यास १९०६ सालीं आणि शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९१७ सालीं दाखविलें होतें. पण मुलाचें शिक्षण कोणत्या राजाच्या हद्दीत जन्म झाला यावर अवलंबून राही, हेंहि तितकेंच खरें. ८ मार्च १९४८ रोजीं भोर संस्थान विलीन झालें. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. जुनी हद्द पुसली, परंतु दुसरी उमटली. वेल्ह्याच्या वाडीवरील शाळा जिल्हा परिषदेची, पुण्याची शाळा महानगरपालिकेची. दोहोंचे हजेरीपट निराळे, शिक्षकहि निराळे.

आणि मूल तर या हद्दीवरून सारखें येजा करीत असतें! पानशेतच्या धरणाखालीं जमिनी गेल्या, उरल्या त्यांवर एकच भाताचें पीक. मग माणूस शहराकडे न वळेल तर काय करील? वेल्हें तालुक्याचें नांव राजगड करण्याचा निर्णय २०२४ सालीं झाला, पण त्या नांवानें डोंगरांत काम मिळालें असें नाहीं. पुणें शहर पानशेतचें पाणी पितें. जोतीरावांची वसुलाची तक्रार आठवा; आतां वसूल पाण्याचा आणि श्रमाचा आहे.

शहर स्वतःहि त्या मुलांकडे सरकलें. धायरी व आंबेगांव २०१७ सालीं, नऱ्हें व खडकवासला २०२१ सालीं महानगरपालिकेच्या हद्दीत आलीं. वेल्हेंकर व भोरकर ज्या वाटांनीं शहरांत शिरतात त्याच वाटांवरचीं हीं गांवें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें जुन्या शाळेचा दाखला आला नाहीं म्हणून मुलास परत पाठविण्यास मनाई केली. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणें आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश देणें हें स्थानिक संस्थेचें कर्तव्य ठरविलें. माझ्या मतें शाळा सुधारण्याचें खरें काम या नोंदींतच आहे. नव्या इमारती, रंगविलेल्या भिंती, संगणक हें सारें हवेंच. परंतु जें मूल पटावर धरलेंच नाहीं त्याच्यासाठीं शिक्षक मागणार कोण, आणि बाकें तरी किती घ्यावयाचीं?

शहराच्या दक्षिणेकडील अशाच एका शाळेंत मी गेल्या पावसाळ्यांत गेलों होतों. जुलै महिना होता आणि चौथीच्या वर्गांत सात-आठ जागा रिकाम्या होत्या. गैरहजर, असा शेरा हजेरीपटावर होता. परंतु बाईंनीं एक साधी वही वेगळी ठेविली होती. तींत प्रत्येक मुलाच्या नांवापुढें वाडीचें नांव, घरच्या कोणाचा तरी दूरध्वनि-क्रमांक आणि शेवटीं एकच ओळ लिहिलेली होती : लावणीला गेला, नागपंचमीनंतर येणार. खालीं, दुसऱ्या शाईनें, कोणत्या धड्यापासून त्याला पुन्हा सुरुवात करावयाची तोहि आंकडा होता.