जुनी गाडी, नवे टायर

ब्लॉगवर गाड्यांबद्दल काही लिहिलं की घरच्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न येतो. "टायरमध्ये कसली आलीय निवड? काळे असतात, गोल असतात. दुकानात जायचं, असतील ते बसवायचे आणि घरी यायचं." रोज ऑफिसला नेणाऱ्या गाडीपुरतं हे बरंचसं खरं आहे. पण तीस-पस्तीस वर्षांच्या एखाद्या स्पोर्टी गाडीला टायर घ्यायची वेळ आली की हा प्रश्न दुकानाचा न राहता इतिहासाचा होतो. गाडी धडधाकट असते, बनवणारी कंपनी चालू असते, सुटे भागही थोडीफार शोधाशोध करून मिळतात. पण ज्या टायरवर ती गाडी बेतलेली होती तो टायरच बाजारातून गेलेला असतो. आज त्याबद्दल. लेख थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा. :)

पहिली पन्नास-साठ वर्षं झटपट उरकू. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती सापडली. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसाने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. पण तेव्हा ना सायकली होत्या ना मोटारी, त्यामुळे ते चाक विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना पुन्हा नव्याने शोधली. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवली. पंक्चर काढता काढता जीव मेटाकुटीला आला, पण मोटार हवेवर धावू शकते हे जगाने पाहिलं.

आपल्या विषयाची खरी सुरुवात होते १९४६ मध्ये. त्या वर्षी मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये 'एक्स' या नावाने तो बाजारात आणला. त्याआधीचे टायर क्रॉस-प्लाय. त्यांच्यात दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असायचे. बाजू वाकली की तिच्याबरोबर जमिनीला टेकलेला भागही वळवळायचा, घासायचा, तापायचा. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचिक आणि तळ ताठ. म्हणजे खड्डा बाजूने सोसायचा आणि रस्ता तळाने धरायचा, अशी कामाची वाटणी झाली. टायर जास्त टिकू लागला, कमी तापू लागला आणि वळणावर पकड वाढली.

मग अडचण कुठे आली? अडचण अशी की गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, चाकांचे कोन हे सगळं कुठल्या तरी एका टायरला धरून ठरवलेलं असतं. क्रॉस-प्लायवरची गाडी वळणावर हळूहळू, आधी सांगून घसरते. रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि सोडतो तेव्हा त्या मानाने पटकन सोडतो. पन्नासच्या दशकातल्या गाडीला रेडियल लावले की ती जास्त धरते, पण तिचा स्वभाव बदलतो. एका गाडीत दोन्ही जाती मिसळू नयेत हा नियमही इथूनच आला. अगदी मिसळावे लागलेच तर रेडियल मागे, पुढे कधीच नाही. नाहीतर पुढची चाकं धरून राहतात आणि मागचा भाग फिरतो.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ५.२०-१४ मापाच्या टायरवर चालायची. त्या आकड्यात रुंदी इंचात आहे आणि बाजूच्या उंचीचा उल्लेखही नाही, कारण क्रॉस-प्लायच्या जमान्यात ती साधारण ठरलेलीच असे. भारतात रेडियल बनायला लागले ते सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि घरोघरी पोचायला आणखी बरीच वर्षं गेली. तोवर आपला टायरविषयक विचार एवढाच होता: गोटा झालाय की अजून महिनाभर काढेल?

तिकडे युरोपात मात्र टायर रुंद आणि बुटके होत चालले होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पिरेलीने पी७ काढला. लान्सिया स्ट्रॅटोसच्या रॅलीतून आलेला हा टायर पोर्श ९११ टर्बोखाली गेला आणि 'लो प्रोफाइल' हा शब्द पेट्रोलपंपावरच्या गप्पांत आला. साधारण त्याच वेळी, १९७५ मध्ये, मिशेलिनने टीआरएक्स आणला. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या मालकांनी पाठ करून ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

टीआरएक्स ही टायर आणि रिम मिळून एकच रचना होती. रिमची कड वेगळ्या आकाराची, बुटकी. त्यामुळे टायरच्या बाजूवरचा ताण सारखा वाटला जायचा आणि लो प्रोफाइल असूनही गाडी दणके देत नसे. कल्पना खरोखर चांगली होती. नेहमीचा टायर चुकून त्या रिमवर कोणी बसवू नये म्हणून मापंही मुद्दाम वेगळी ठेवली, इंचाऐवजी मिलिमीटरमध्ये: ३६५, ३९०, ४१५. बीएमडब्ल्यूच्या ६ सिरीजला २२०/५५ व्हीआर ३९० लागले, अमेरिकेत १९७९ च्या फोर्ड मस्टँगला ते पर्याय म्हणून मिळत, फेरारीनेही ते वापरले.

३९० मिलिमीटर म्हणजे १५.३५ इंच. त्यावर ना १५ चा टायर बसतो ना १६ चा. बाकीच्या टायर कंपन्या या वाटेने फारशा गेल्या नाहीत, साध्या रिमवरचे लो प्रोफाइल टायर सुधारत गेले आणि टीआरएक्स मागे पडला. गाड्या मात्र राहिल्या. आज अशा मालकापुढे दोनच रस्ते आहेत. मिशेलिन आपल्या क्लासिक मालिकेत टीआरएक्सची काही मापं अजून बनवते, ती साध्या टायरच्या मानाने बरेच जास्त पैसे मोजून घ्यायची. नाहीतर मूळ रिम माळ्यावर ठेवून इंची मापाच्या रिम बसवायच्या. मूळपण हवं की सोय हवी, हा निर्णय १९७५ च्या एका हुशार कल्पनेने पन्नास वर्षांनंतरच्या माणसावर टाकलाय.

आता माझ्या आवडत्या गाडीकडे येतो. माझदा एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली. दोन सीट, उघडं छप्पर, १.६ लिटरचं इंजिन, वजन एक टनाच्या आत-बाहेर. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई. त्यांनी समोर ठेवलेला जपानी शब्द होता 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. त्या घोड्याचे नाल होते १८५/६० आर१४ मापाचे. चौदा इंच! आज ही मापं साध्या छोट्या गाड्यांची वाटतात. पण हलकं चाक खड्ड्यावरून पटकन उठतं आणि पटकन खाली येतं, आणि माफक पकड असली की माफक वेगातही गाडी चालवल्याची मजा येते. हे सगळं ठरवून केलेलं होतं.

पुढे ब्रेक मोठे झाले, चाकं मोठी दिसणं ही फॅशन झाली, आणि चौदा इंचात खेळकर टायर बनवण्यात कंपन्यांना रस उरला नाही. या मापात आज मिळतात ते बहुतेक साध्या, काटकसरी गाड्यांचे टायर. म्हणून बरेच मालक पंधरा इंचाच्या रिमकडे जातात. इथे थोडं गणित. १८५/६० आर१४ चा व्यास ३५५.६ अधिक दोन वेळा १११, म्हणजे सुमारे ५७८ मिलिमीटर. १९५/५० आर१५ चा ३८१ अधिक १९५, म्हणजे ५७६. फरक दोन मिलिमीटरच्या आत. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरचा हिशोब बिघडत नाही. पुढच्या पिढीच्या एमएक्स-५ वर माझदाने स्वतःही हेच १५ इंची माप वापरलं.

पण मजा पुढे आहे. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या पुन्हा नव्यासारख्या करून द्यायची योजना जाहीर केली. लाकडी स्टिअरिंग, गिअरची मूठ, छपराचं कापड अशा बंद झालेल्या वस्तू पुन्हा बनवायला घेतल्या. त्या यादीत टायरही होता: ब्रिजस्टोनचा एसएफ-३२५, जुन्याच नक्षीचा, १८५/६० आर१४. म्हणजे एका कारखान्याने मान्य केलं की टायरसुद्धा त्या गाडीच्या स्वभावाचा भाग होता आणि तो परत दिल्याशिवाय गाडी पूर्ण परत दिली असं होत नाही. पिरेलीनेही आपला पी७ आणि त्याआधीचा सीएन३६ जुन्या रूपात पुन्हा काढलेत. आतला माल आजचा, चेहरा तेव्हाचा.

इथे कोणी म्हणेल, एवढं कशाला? माझ्याकडे मूळ टायर आहेत, गाडी फार चालत नाही, नक्षी अजून नव्यासारखी आहे. मंडळी, हीच खरी धोक्याची जागा. रबराचं वय किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन आणि उष्णता रबराला आतून कडक करत राहतात. टायरमध्ये त्यापासून वाचवणारे मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, पण ते पृष्ठभागावर येत राहायला टायर फिरता असावा लागतो. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या लाडक्या गाडीचा टायर म्हणूनच फसवा असतो: दिसायला तरुण, आतून म्हातारा. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनंतरच्या आकड्यांत शेवटचे चार बघायचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २००० च्या आधी तीनच आकडे असत. तीन आकडे दिसले तर पुढचं काही वाचू नका, टायर काढा. बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, आणि नक्षी कितीही उरली असली तरी दहा वर्षं ही शेवटची हद्द असं टायर कंपन्या सांगतात.

३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र अपघातात गेले. गाडी २००५ ची पोर्श करेरा जीटी. २०१४ मधल्या चौकशी अहवालाने कारण वेग असं दिलं: ताशी ४५ मैलांच्या रस्त्यावर ८० ते ९३ मैल. पण त्याच अहवालात हेही आहे की टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असू शकतो. गाडी दिमाखदार, निगा राखलेली. टायर मात्र जवळपास गाडीइतकेच जुने.

त्याच मॉडेलची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. मिशेलिनने करेरा जीटीसाठी नव्या रबराचे टायर तयार केले आणि ते लावून यॉर्ग बर्गमायस्टरने नुर्बुर्गरिंगची फेरी ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत मारली. २००४ च्या वेळेपेक्षा सुमारे १६ सेकंद कमी. बदल घडवला तो मुख्यतः वीस वर्षांच्या रबरशास्त्राने. जुन्या गाडीवर सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू इंजिनात नसते, ती चार तळहातांएवढ्या जागेत रस्त्याला टेकलेली असते.

भारतात हौशी लोकांपुढे आणखी एक अडथळा आहे. जून २०२० मध्ये सरकारने गाड्यांच्या टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही. देशी उद्योगाला आधार हा हेतू समजतो. पण विरळ मापाचे चार टायर हवे असलेल्या माणसाची त्यात पंचाईत होते, आणि मग "आहेत ते अजून चालतील" ही वृत्ती बळावते. ती पुन्हा त्या धोक्याच्या जागी नेते.

मला विचाराल तर क्रम असा लावावा: आधी वय, मग माप आणि वेगाचं अक्षर, मग गाडीचा स्वभाव, आणि सगळ्यात शेवटी चेहरा. मूळ नक्षीचा ताजा टायर मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर आजचा साधा टायर मूळच्या जुन्या टायरपेक्षा शंभर पटीने बरा. जुनी गाडी जपणं म्हणजे तिच्यातलं सगळं जुनं ठेवणं नव्हे. काही गोष्टी वेळेवर नव्या केल्या तरच बाकीचं जुनं टिकतं.

असो. तुमची गाडी स्पोर्टी नसेल, जुनीही नसेल. तरी आज खाली उतराल तेव्हा ते चार आकडे वाचून बघा. आणि हो, स्टेपनीचेसुद्धा!