तीस रुपयांचे गणिती



इतिहासाची पुस्तके राजे आणि लढाया सांगतात. माझे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले, म्हणून मी इतिहास पगारपत्रकातही शोधतो. सरकारी चाकरीतील दोन गणितज्ञांचा पगार आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिले राधानाथ सिकदार. देशाची त्रिकोणमितीय मोजणी करणाऱ्या कंपनी सरकारच्या खात्याला गोलीय त्रिकोणमिती जाणणारा माणूस हवा होता. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील हे अठरा वर्षांचे विद्यार्थी १९ डिसेंबर १८३१ रोजी दरमहा ३० रुपयांवर ‘कॉम्प्युटर’ म्हणून रुजू झाले. कॉम्प्युटर हा तेव्हा माणसाचा हुद्दा होता. त्याचे काम आकडेमोडीचे. पुढे सिकदारांनी डेप्युटी कलेक्टर होण्याचे मनात आणले, तेव्हा खात्याचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट आडवे आले. वरिष्ठाच्या संमतीवाचून खाते बदलता येणार नाही, असे त्यांनी बजावले. ज्याच्यावाचून काम अडते, त्याला आपली किंमत अजमावू द्यायची नाही, ही धन्यांची रीत अशी जुनी आहे.

१८४३ साली मॅजिस्ट्रेट व्हॅन्सिटार्ट यांनी मोजणी खात्याच्या मजुरांना बेकायदा राबवून घेतले. सिकदारांनी त्याला कडाडून विरोध केला. त्याबद्दल त्यांनाच २०० रुपये दंड झाला! रुजू होतानाच्या पगाराने ही साडेसहा महिन्यांहून अधिक कमाई होते. डोंगरदऱ्यांचा हिशेब ते पगार घेऊन करीत. मजुरांच्या हक्काचा हिशेब त्यांनी पदरचे पैसे घालून मांडला.

पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट ठरली आणि १८५६ साली जाहीर झाली. ते गणित साऱ्या कचेरीचे होते आणि सिकदार तिचे मुख्य गणक होते. १८६५ साली शिखराला नाव मिळाले ते मात्र निवृत्त साहेबाचे. १८७० साली सिकदार वारले. मोजणीविद्येच्या सरकारी ग्रंथात त्यांनी मोलाची भर घातली होती. १८७५ च्या आवृत्तीतून त्यांचे नावच गाळले गेले. पगारातील कपात आपण जाणतो. ही मेलेल्या माणसाच्या श्रेयातील कपात!

दुसरे श्रीनिवास रामानुजन. १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ते हिशेबनीस कारकून झाले. पगार पुन्हा ३० रुपयेच! मधल्या ८० वर्षांत धान्य महागले होते. खुर्चीचा दर ठरलेला होता. डोक्याचा दर लावण्याची सोय त्या पत्रकात नव्हती. पण कचेरीतील वरिष्ठ हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिती होते. त्यांनी आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी रामानुजनांची बाजू उचलून धरली. मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. म्हणजे अडीचपट!

नुसत्या बुद्धीने पगार वाढत असता, तर रामानुजनांचा पहिल्याच महिन्यात वाढला असता. तो वाढला शेजारच्या टेबलावरचा माणूस त्यांच्यासाठी बोलला म्हणून. मजुरांसाठी सिकदार असेच बोलले होते. त्यांना दंड भरावा लागला, तरी ते बोलले, हे या शहराने विसरू नये.