फीड रीडरमध्ये न वाचलेल्या लेखांचा आकडा हवाच कशाला?

ज्यांना फॉलो केलंय त्यांच्याच पोस्ट दिसत नाहीत, ही सोशल मीडियावरची नेहमीची तक्रार. तिथे कोणाला काय दाखवायचं हे अल्गोरिदम ठरवतो. फीड रीडरमध्ये मात्र तुम्ही निवडलेल्या संकेतस्थळांवर जे नवं येईल ते समोर येतं, साधारणपणे आलं त्याच क्रमानं. तरीही अनेक जण हौसेनं असं अ‍ॅप घेतात आणि थोड्याच दिवसांत उघडायचं सोडून देतात. खापर वाचकाच्या आळसावर फुटतं, पण दोष बराचसा अ‍ॅपच्या रचनेचा असतो.

आरएसएस म्हणजे काय?

संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक यादी तयार ठेवतं: शीर्षक, लिंक, तारीख आणि पूर्ण लेख किंवा त्याचा सारांश. हीच फीड. रीडर अ‍ॅप ती अधूनमधून तपासतं. १९९९ साली नेटस्केप कंपनीनं आपल्या पोर्टलसाठी आरएसएस आणलं. पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात.

ईमेलची नक्कल

मॅकवर २००२ मध्ये आलेल्या नेटन्यूजवायरनं पडद्याचे तीन कप्पे केले: संकेतस्थळं, शीर्षकं आणि मजकूर. हे ईमेलसारखं होतं, त्यामुळे लोकांना शिकवावं लागलं नाही. पण त्याबरोबर ठळक अक्षरं आणि न वाचलेल्यांची मोजणीही आली. गूगल रीडरमध्ये (२००५ ते २०१३) हा आकडा हजारापुढे गेला की नुसतं ‘१०००+’ दिसायचं. चार दिवस गावाला जाऊन आलेल्या माणसाचं स्वागत त्यानंच व्हायचं.

ईमेलमध्ये अशी मोजणी रास्त आहे, कारण पत्र पाठवणारा बहुधा उत्तराची वाट पाहत असतो. ब्लॉग लिहिणाऱ्याला मात्र तुम्ही त्याची मंगळवारची पोस्ट वाचली नाही, हे कळतही नाही. थकबाकी दिसते, सावकार कोणीच नाही! घरी येणाऱ्या पेपरातल्या किती बातम्या राहिल्या हे कोणी मोजत नाही. दुसऱ्या दिवशी तो निमूट रद्दीत जातो.

मग दुसरी मांडणी कोणती?

आरएसएसच्या घडणीत मोठा वाटा असलेले डेव्ह वायनर यांनी ‘बातम्यांची नदी’ ही कल्पना मांडली. नवं वर येतं, जुनं खाली वाहून जातं, मोजणी नाही. २०२४ मध्ये नव्यानं आलेलं रीडर हे अ‍ॅपही न वाचलेल्यांची संख्या दाखवत नाही; तुम्ही यादीत कुठवर आला होतात तेवढं लक्षात ठेवतं.

नदीतही एक गोची आहे. रोज शंभर बातम्या देणारं वर्तमानपत्र आणि वर्षातून चारदा लिहिणारा ब्लॉगर एकाच प्रवाहात सोडले, तर ब्लॉगर बुडतो. आणि फीड रीडरची खरी गंमत तर त्याच्यातच असते. यावर शॉन इनमन यांच्या फीव्हरनं २००९ मध्ये नामी तोड काढली होती. महत्त्वाच्या फीड एका गटात ठेवायच्या, धो-धो मजकूर ओतणाऱ्या दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटातलं काहीही ‘न वाचलेलं’ म्हणून मोजलं जायचं नाही. त्यातल्या अनेकांनी एकाच लिंकचा उल्लेख केला, की ती लिंक ‘तापून’ वर यायची. फीव्हर आता बंद झालं आहे, पण ही विभागणी कोणत्याही अ‍ॅपमध्ये फोल्डर करून हातानं साधता येते.

अर्थात, एखाद्या विषयावर रोज नजर ठेवणाऱ्या पत्रकाराला किंवा संशोधकाला मोजणी लागतेच. म्हणून ती सरसकट काढण्यापेक्षा प्रत्येक फीडपुरती चालू-बंद करता येणं जास्त उपयोगाचं.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट पाहायला हवी: ओळींमधलं अंतर. रोमन लिपीच्या मापानं आखलेल्या पडद्यावर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, कधी कापलेही जातात. हे अंतर वाढवण्याची सोय नसलेलं अ‍ॅप इतर बाबतींत कितीही देखणं असलं, तरी मराठी लेख त्यात दोन परिच्छेदांपुढे वाचवत नाही.

अ‍ॅप बदलणं फारसं कठीण नाही. बहुतेक रीडर आपली यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये काढून देतात, आणि दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ती फाइल टाकली की सगळ्या फीड तिथे हजर होतात.