लुटले कोण गेले?

ऑनलाइन संगीतसेवांवर बॉट, म्हणजे आपोआप गाणी वाजवत राहणारे संगणकी प्रोग्रॅम, लावून गाण्यांना खोटे प्ले मिळवण्याच्या धंद्याबद्दल एक मत आता चांगलेच रुळले आहे. संगीतावर मनापासून प्रेम करणारी माणसेही ते बोलून दाखवतात, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

पूर्वपक्ष असा. बुडतो तो स्पॉटिफायसारख्या बलाढ्य कंपनीचा पैसा. कलावंताच्या हाती प्लेमागे चिल्लरही न ठेवणाऱ्या कंपनीला कोणी गंडवले, तर त्यात एवढे वाईट काय? शिवाय प्रमाण किती? फ्रान्सच्या राष्ट्रीय संगीत केंद्राने 2021 सालची आकडेवारी तपासली, तेव्हा तेथील 1 ते 3 टक्के प्ले खोटे आढळले. पूर्वी रेडिओवर गाणे लागावे म्हणून निवेदकांना पैसे चारले जात. आज बॉट लावतात, एवढाच फरक. आणि मुळात 30 सेकंद वाजले की प्ले मोजणारी व्यवस्थाच सदोष आहे. वल्फपेक या अमेरिकी बँडने 2014 साली निव्वळ शांततेचा ‘स्लीपिफाय’ हा अल्बम काढला, चाहत्यांना तो रात्रभर लावून झोपायला सांगितले आणि जवळपास 20,000 डॉलर मिळवले. ज्या व्यवस्थेत शांततेलाही पैसे मिळतात, तिच्याशी कसले इमान राखायचे?

युक्तिवाद आकर्षक आहे. त्याचा पायाच चुकीचा आहे.

तो पैसा कंपनीचा नाही. स्पॉटिफाय आणि बहुतेक मोठ्या सेवा प्रत्येक प्लेला ठरावीक दर देत नाहीत. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, हक्कधारकांसाठी बाजूला पडतो आणि एकूण प्लेंच्या प्रमाणात वाटला जातो. समजा, वाटायचे 100 रुपये आहेत आणि खरे प्ले 1,000 झाले. प्लेमागे 10 पैसे पडले. ज्या गायिकेचे गाणे 100 वेळा ऐकले गेले, तिला 10 रुपये मिळाले. आता कोणी 250 खोटे प्ले ओतले. एकूण प्ले 1,250 झाले, दर 8 पैशांवर आला. त्या गायिकेचे श्रोते तेवढेच राहिले, पण तिच्या हाती 8 रुपयेच आले. बॉटवाल्याने 20 रुपये नेले. कंपनीने किती दिले? पूर्वीही 100, आताही 100. मग लुटले कोण गेले, हे वाचकांनीच सांगावे.

ही माझी कागदी कल्पना नाही. 2018 च्या सुरुवातीला उजेडात आलेल्या स्पॉटिफायवरील बल्गेरियन प्लेलिस्टच्या संशयास्पद प्रकरणात सुमारे 1,200 सशुल्क खाती जेमतेम 30 सेकंदांहून थोडी मोठी गाणी अखंड वाजवत असल्याचे दिसले. इतक्या खात्यांची वर्गणी महिन्याला साधारण 12,000 डॉलर होते. त्या प्लेंवर मिळालेली रक्कम तिच्या कित्येक पट असावी, असा जाणकारांचा अंदाज होता. वर्गणीपेक्षा जास्त निघालेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कोणत्या तरी श्रोत्याने भरलेला होता आणि त्या श्रोत्याने ऐकलेल्या कलावंताला तो मिळायचा होता. कंपनीला मात्र 1,200 ग्राहक मिळाले.

प्रमाण अल्प असल्याचा मुद्दा घेऊ. 1 ते 3 टक्के म्हणजे एकट्या फ्रान्समध्ये एका वर्षात 1 ते 3 अब्ज प्ले. तेही फक्त पकडले गेलेले आणि माहिती द्यायला तयार झालेल्या सेवांपुरते. यूट्यूब आणि अ‍ॅमेझॉन म्युझिकने आकडे दिलेच नाहीत. पण त्या अहवालातली याहून महत्त्वाची गोष्ट पूर्वपक्ष सांगत नाही. स्पॉटिफाय आणि डीझर या सेवांवर सापडलेल्या खोट्या प्लेंपैकी 80 टक्क्यांहून अधिक हे सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या 10,000 गाण्यांच्या बाहेरचे होते. लबाडी नामवंतांच्या दिवाणखान्यात नव्हे, अनाम कलावंतांच्या गर्दीत राहते.

ती तिथेच का राहते? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या एका माणसावर सप्टेंबर 2024 मध्ये दाखल झालेले आरोपपत्र याचे उत्तर देते. 2017 साली त्याने स्वतः मांडलेला हिशेब त्यात आहे: 52 क्लाउड खाती, प्रत्येकावर 20 बॉट, म्हणजे 1,040 बॉट, प्रत्येकाचे दिवसाला 636 प्ले. रोजचे 6,61,440 प्ले, आणि अर्धा सेंट दराने 3,307 डॉलर. एवढे प्ले एकाच गाण्यावर पडले असते तर लगेच बोभाटा झाला असता. म्हणून त्याने, आरोपपत्रानुसार, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली लाखो गाणी चढवली आणि प्ले त्यांच्यावर विरळ पसरवले. आरोप 1 कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उचलल्याचा होता. सहा वर्षे हे चालले. 2023 मध्ये रॉयल्टी वाटणाऱ्या एका संस्थेने हटकले, तेव्हा कुठे पैसे अडले. डीझरने 2025 मध्ये जाहीर केले की, पूर्णपणे यंत्रनिर्मित गाण्यांवरच्या प्लेंपैकी 70 टक्क्यांपर्यंत प्ले खोटे असतात. अशी गाणी कोणी ऐकावीत म्हणून रचलेलीच नसतात.

आणि या गर्दीवर उपाय झाला की घाव कोणावर बसतो? 2024 पासून स्पॉटिफायने नियम केला: बारा महिन्यांत 1,000 प्ले न झालेल्या गाण्याला रॉयल्टी नाही. व्यवस्थेचा गैरफायदा थांबवणे, हे त्यामागचे एक घोषित कारण होते. आता मराठीचा विचार करा. बाराखडीही न गिरवलेल्या यंत्राने केलेली लाखो गाणी एका पारड्यात आहेत; दुसऱ्यात एखाद्या शाहिराचे, एखाद्या झाडीपट्टीच्या गायकाचे, वर्षाला सहाशे वेळा मन लावून ऐकलेले गाणे. नियम दोघांना एकच. लबाडी ‘व्यवस्थेविरुद्धचे बंड’ असेल, तर त्या बंडात पहिला बळी हा गायक का जातो?

रेडिओवरच्या लाचेची तुलनाही टिकत नाही. ती लाच होतीच, आणि अमेरिकेने 1960 मध्ये अशा छुप्या देवघेवीला गुन्हा ठरवले. तरी तिच्या शेवटी खरा कान होता; गाणे आवडले नाही तर श्रोता रेडिओ बंद करू शकत होता. बॉटला कान नाही. उलट, अमुक गाणे ऐकणाऱ्याला तमुक सुचवणारी यंत्रणा बॉटच्या सवयींवरून शिकते आणि विकत घेतलेल्या प्लेंचे गाणे इतर खोट्या गाण्यांच्या पंगतीला नेऊन बसवते. म्हणजे जाहिरातीचा उद्देशही साधत नाही.

उरला व्यवस्थेचा दोष. तो मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ‘स्लीपिफाय’ला मी बॉटच्या रांगेत बसवणार नाही. त्या बँडने सारे उघडपणे केले, ऐन झोपेत का होईना खरे चाहते होते, आणि दोष जगाला दिसला. पण ते 20,000 डॉलरही त्याच सामाईक निधीतून आले होते, हे विसरता येत नाही. दोषावर औषध आहे: प्रत्येक श्रोत्याची वर्गणी त्याने ऐकलेल्या कलावंतांमध्येच वाटणे. साउंडक्लाउड या सेवेने 2021 मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी ही पद्धत सुरू केली. तिच्यात बॉटचे खाते रात्रंदिवस वाजले तरी स्वतःच्या वर्गणीपलीकडे दमडी काढू शकत नाही. बहुतेक मोठ्या सेवा आणि रेकॉर्ड कंपन्या हा बदल का टाळतात, असा सवाल खडसावून विचारावा, मीही विचारतो. पण वाटणीची पद्धत सदोष आहे, म्हणून वाटेकऱ्याचा हिस्सा पळवणे निर्दोष कसे ठरते?

यात आणखी एक अन्याय आहे आणि त्याची दाद कुठेच लागत नाही. बॉट चालवणारे आपला माग पुसण्यासाठी प्रामाणिक कलावंतांची गाणी न विचारता आपल्या प्लेलिस्टमध्ये मिसळतात. खोट्या प्लेंचा ठपका मग त्या गाण्यावर येतो. 2024 पासून ठळक लबाडी आढळलेल्या गाण्यामागे स्पॉटिफाय वितरकाकडून, म्हणजे गाणे सेवेवर चढवणाऱ्या मध्यस्थाकडून, दंड घेते. वितरक तो कलावंताकडून वसूल करतो किंवा गाणेच उतरवतो. त्या कलावंताने बॉट पाहिलेलाही नसतो. आपण निर्दोष आहोत, हे त्याने कोणापुढे आणि कशाच्या आधारे सिद्ध करायचे?