भाकरी बाजारात का गेली नाही

नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगाव यांच्यामधले स्टेशन. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० च्या दशकात इथून गेला आणि पुढची काही दशके वेरूळची लेणी पाहायला निघालेला मुंबईचा प्रवासी इथेच उतरून उरलेला रस्ता टांग्याने कापत असे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडला येऊन मिळाली आणि ती वर्दळ आटली. म्हणजे आडवळणाच्या तालुक्यांच्या कितीतरी आधी नांदगावला बाजाराची ओळख झाली होती. गिरणीचे कापड, रॉकेल, चहा, साखर, पुढे पाव, बटर, खारी हे सगळे आले आणि टिकले. पाव मात्र बराच काळ चहाबरोबरचा खाऊ किंवा आजाऱ्याचे पथ्य एवढ्यापुरताच राहिला. रोजची भाकरी चुलीवरून हलली नाही. याचे श्रेय आपण सहसा परंपरेला आणि घरच्या बाईच्या हाताला देतो. मला ते पटत नाही. भाकरी घरात राहिली ती मुख्यतः बाजरीमुळे.

नांदगाव तालुका पर्जन्यछायेतला, हलक्या जमिनींचा, आणि खरिपाची बाजरी हे इथले जुने मुख्य धान्य. बाजरीत ग्लुटेन नसते, त्यामुळे तिचे पीठ ताणले जात नाही आणि यीस्टने फुगतही नाही. कढत पाण्यात मळून त्यातला स्टार्च चिकट करायचा, परातीत थापायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि तव्यावरून काढून थेट विस्तवाला लावायची, तेव्हा कुठे पापुद्रा सुटतो. तव्यावरून उतरल्यावर ती तासाभरात चिवट होऊ लागते. त्यात बाजरीत चरबीचे प्रमाण गव्हापेक्षा दुप्पट-तिप्पट, म्हणून दळलेले पीठ आठवड्याभरात कडवट होते, उन्हाळ्यात त्याहून लवकर. ज्या मालाचा कच्चा भाग आठवडा टिकत नाही आणि तयार भाग दुपार काढत नाही, त्याचे दुकान कोण घालणार? जळणाचा हिशेबही याच बाजूचा. भट्टी तापवायला तासन्‌तास लाकूड लागते, म्हणून ती शंभर पावांसाठीच परवडते. युरोपातल्या कित्येक खेड्यांत सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी असे ती यामुळेही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून पोदेर दारोदार पाव पोचवतो, तिथेही भट्टी त्याचीच. नांदगावच्या चुलीला मात्र चार तुराट्या-पऱ्हाट्या आणि दोन गोवऱ्या पुरत. भाकरी ही थोड्या जळणाची, थोड्या माणसांसाठीची आणि त्याच घटकेची वस्तू.

यावर पहिला आक्षेप सोवळ्याचा येईल: परक्या हातचे अन्न चालत नव्हते, म्हणून लोक घरी भाजत. आक्षेप पोकळ नाही. १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पाव खाणे हेच बंड होते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून तर रानडे-टिळकांसह अनेकांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. पण सोवळे हेच खरे कारण असते, तर ज्यांना ते नव्हते त्यांनी भाकरी विकत घेतली असती. शेजारच्या औरंगाबादचे उदाहरण बोलके आहे. तिथला नान-खलिया प्रसिद्ध. गव्हाचा नान भट्टीवाल्याकडून येतो, लग्नकार्यात शेकड्यांनी येतो. त्याच भागातल्या मुसलमान घरांत ज्वारी-बाजरीची भाकरी मात्र घरच्याच तव्यावर. माणसे तीच, धर्म तोच, फरक धान्याचा.

दुसरे स्पष्टीकरण मायेचे, आणि ते जास्त फसवे. भाकरीत माया असते असे मानले, तर जात्यात ती याहून जास्त होती. गी प्वाटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. एवढे गाणे दुसऱ्या कोणत्या घरकामाने दिले? तरीही पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बायकांनी ते रडत सोडले नाही. पहाटेचे दळण सुटल्याचा आनंदच जास्त असणार. जे काम यंत्राकडे देता आले ते दिले गेले. भाकरी थापणे देता आले नाही, म्हणून ते हाताशी उरले. आणि तो हात बहुतेक वेळा एकाच बाईचा होता, तापाने फणफणली तरी तिचाच. त्याचे कौतुक करणारे लेख पुरुषांनीच जास्त लिहिले आहेत.

आता भाकरी विकत मिळतेच की, असे कोणी म्हणेल. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली होती, ढाब्यांवर तर आजही भाकरी मिळते. पण तिथे ती समोर थापून गरम वाढावी लागते. म्हणजे घरची चूलच रस्त्यावर आली, भाकरीचे दुकान झाले नाही. सोलापूरची कडक भाकरी खरोखर पाकिटात विकली जाते आणि महिनोन्‌महिने टिकते, पण तिच्यातले पाणी पूर्ण काढून टाकल्यावरच. १९७२ च्या दुष्काळात कामांवरच्या मजुरांना वाटली गेली ती सुकडी, कारण ती टिकते. शहरांत पोळी-भाजी केंद्रे निघाली तीही आधी गव्हाच्या पोळीच्या जोरावर, कारण सकाळची पोळी रात्रीही तोडता येते. नियम एकच दिसतो: जे टिकते ते विकले जाते.

म्हणून भाकरीचा शत्रू बेकरीत शोधणे चूक आहे. नांदगावात बाजरीच्या रानात आता मका आणि कांदा आहे, आणि रेशनच्या दुकानातून अनेक वर्षे मुख्यतः गहू-तांदूळच मिळत आले आहेत. घरात गहू आला की पोळी येते, आणि पोळी विकत मिळते. घरची भाकरी टिकवायची असेल, तर आधी बाजरीला भाव आणि रेशनमध्ये जागा द्यावी लागेल.